कॅम्परव्हॅनची बॅटरी बदलायला निघालात? आधी या चुका टाळा

नवी बॅटरी घ्यायला निघाला असाल तर अर्धा तास थांबा आणि मल्टिमीटर हातात घ्या. मी कॅम्परव्हॅनच्या वायरिंगची कामं करतो. टेंपो ट्रॅव्हलर, जुन्या रुग्णवाहिका, मिनी बस, लोक हौसेने काय काय घेऊन येतात. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, आता रस्त्यावर अशा गाड्या दिसायला लागल्यात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच त्या चुकाही पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यापायी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात, पैसे वाया जातात, कधी जिवावरही बेततं. म्हणून हे लिहायला बसलो.

न मोजता बॅटरीवर आळ घेणं

सांगलीचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी, दोघांनी मिळून हौसेने ट्रॅव्हलर बांधून घेतली होती. त्यांची तक्रार एकच: फ्रिज दिवसभर छान चालतो आणि रात्री दहा-अकरा वाजता बंद पडतो. सकाळी ऊन वर आलं की पुन्हा चालू. गुहागरला समुद्राकाठी तीन रात्री राहिले, तिन्ही रात्री दूध नासलं. ज्याला विचारलं त्याने सांगितलं, बॅटरी बसली. वर्षभरात त्यांनी १५० ॲम्पिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी दोनदा बदलली. तिसरी घेण्याआधी मला फोन आला, “दादा, एकदा बघून सांगा, मगच घेतो.”

संध्याकाळी गाडी आणा म्हटलं, कारण सोलर चालू असताना हा दोष सापडत नाही. फ्रिजचं बॅटरी-संरक्षणाचं सेटिंग (व्होल्टेज उतरलं की फ्रिज बंद करणारं) ‘लो’ वर टाकलं, म्हणजे मोजेपर्यंत तो चालू राहील. बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावला: १२.५ व्होल्ट. बॅटरी ठणठणीत. मग फ्रिजच्या प्लगमागे, थेट वायरींच्या टोकांवर मोजलं: ११.२. वाटेत सव्वा व्होल्टहून जास्त गायब!

आता हे कुठे जातं ते शोधायचं असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी फ्रिजच्या प्लसवर, फ्रिज चालू ठेवून. तिथे ०.३ व्होल्ट मिळाले. अडीच एमएमची वायर होती, चालण्यासारखं. मग तेच मायनस बाजूला, आणि मीटरने १ व्होल्ट दाखवला. वायर धरून मागे मागे गेलो. सीटखाली पत्र्यात एक स्क्रू पिळला होता आणि फ्रिजचा मायनस त्याला बांधला होता. पत्र्यावरचा रंग खरवडलेला नव्हता, वॉशर नव्हता, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेने स्क्रूभोवती गंज धरला होता. हात लावला तर स्क्रू कोमट लागला. पाच ॲम्पिअरला एक व्होल्ट म्हणजे पाच वॅट त्या एका स्क्रूवर उष्णता होऊन जात होते.

दिवसा फ्रिज का चालायचा, तेही यातच आलं. ऊन असताना सोलर बॅटरीचं व्होल्टेज १३.८ च्या आसपास धरून ठेवतो. त्यातून सव्वा गेला तरी फ्रिजला साडेबारा मिळतात. रात्री बॅटरी साडेबारावर येते, फ्रिजला पोचतात ११.२, आणि त्याचं संरक्षण काँप्रेसर बंद करतं. बॅटरी तीच, दोषही तोच, फक्त दिवसा तो झाकला जायचा. मी फ्रिजसाठी सहा एमएमच्या दोन वायरी, प्लस आणि मायनस दोन्ही, फ्यूजमधून थेट बॅटरीपर्यंत नेल्या. फ्रिजच्या टोकाशी १२.३ आले. सर त्या मीटरकडे बराच वेळ बघत राहिले. जुन्या दोन बॅटऱ्यांपैकी एकही खराब नसावी, असं मला अजूनही वाटतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

तेव्हापासून माझी सवय ठरली आहे. गाडीच्या पत्र्याला मायनस म्हणून वापरायचंच नाही. राहण्याच्या भागातल्या प्रत्येक वस्तूचा मायनस वायरीने एका जाड तांब्याच्या पट्टीवर आणायचा, आणि तिथून एक जाड वायर बॅटरीला. जिथे चासीला अर्थ द्यावाच लागतो तिथे रंग पॉलिश पेपरने घासून लख्ख पत्रा काढायचा, लग (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) आणि दातेरी वॉशर लावून बोल्ट घट्ट करायचा आणि वरून पेट्रोलियम जेली फासायची. कमी वायरीत काम उरकतं म्हणून पत्रा वापरणारे मला भेटतात. वाचतात दोन-तीनशे रुपये. किनाऱ्यावर दोन पावसाळे काढले की तो शॉर्टकट पदरात पडतो.

बॅटरी खरंच तपासायची असेल तर इंजिन, सोलर, चार्जर सगळं बंद करून गाडी रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मोजा. लेड-ॲसिडला (ट्यूब्युलरही यातलीच) १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर आज भरा, उद्यावर टाकू नका. अर्धवट रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट जमतं आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. गाडी चालवून आल्यावर लगेच मोजून ‘१३ आहे, फुल आहे’ म्हणू नका. तो आकडा विश्रांती न मिळालेल्या बॅटरीचा असतो. लिथियमला तर व्होल्टेज बघून काही कळत नाही, बराच काळ ते १३.२ च्या आसपासच राहतं. तिथे आलेला-गेलेला करंट मोजणारा शंटचा मीटर बसवाच.

होमस्टेच्या प्लगवर डोळे मिटून विश्वास

ही चूक मला सगळ्यात जास्त घाबरवते.

किनाऱ्यावरच्या एका होमस्टेत एका कुटुंबाने घराच्या वॉशिंग मशीनच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन ओढून गाडी जोडली. रात्री पाऊस झाला. सकाळी त्यांची सात वर्षांची मुलगी अनवाणी बाहेर उतरली, दाराच्या हँडलला हात लावला आणि ओरडली, “बाबा, दार चावतंय!” बाबांनी चपला घालून हात लावला, त्यांना काही जाणवलं नाही, म्हणून त्यांना वाटलं पोर काहीतरी सांगतंय. नशिबाने आईने स्वतः अनवाणी जाऊन दाराला बोट लावून पाहिलं आणि ताबडतोब प्लग काढायला लावला.

झालं असं होतं: पॉइंट तीन पिनचा होता, पण अर्थच्या भोकामागे वायरच नव्हती. चार्जर आणि तत्सम यंत्रांच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट कायम बॉडीकडे झिरपतो. अर्थ असेल तर तो जमिनीत निघून जातो. अर्थ नसेल तर गाडी रबराच्या टायरांवर उभी, करंटला वाटच नाही, आणि पत्र्यावर शंभरेक व्होल्ट येऊन बसतात. त्यात करंट कमी असतो म्हणून ती मुलगी नुसती झिणझिण्यांवर वाचली. तेव्हाच आत एखादी वायर सोलवटून पत्र्याला टेकली असती, तर पूर्ण २३० व्होल्ट ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या त्या पोरीतून गेले असते.

म्हणून बाहेरची लाइन घेताना घाई करू नका. पॉइंटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तीनही मापं घ्या. पहिली दोन २३० च्या जवळपास एकसारखी आणि तिसरं शून्याच्या जवळ हवं. फेज-अर्थला ऐंशी-शंभर असं अर्धंमुर्धं दिसलं तर ती अर्थ भुताची समजा, आहे असं वाटतं पण नसते. मीटर बरोबर दाखवत असूनही शंका असेल तर वायरमनला बोलवून लोडवर तपासून घ्या. गाडीच्या आत लाइन येते तिथे ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवीच, आणि तिचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबायचं. काही जण अर्थ नाही म्हणून न्यूट्रलच अर्थच्या पिनला जोडून देतात. कृपा करून हे कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. ज्या दिवशी ते न्यूट्रल वाटेत तुटेल त्या दिवशी तुमच्या गाडीचा अख्खा पत्रा फेज होईल. अर्थ नसेल तर लाइन घेऊच नका. एक रात्र सोलरवर, दिवे कमी लावून निघते.

जुन्या वायरिंगवर लिथियम

लेड-ॲसिड काढून त्याच जागी, त्याच वायरींवर लिथियम ठेवायची, हा सध्याचा आवडता शॉर्टकट. लिथियम हावरी असते. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) देईल तेवढं ओढत राहते. ट्रॅफिकमध्ये इंजिन हळू फिरतं, अल्टरनेटरचा पंखा हळू, आणि करंट मात्र पूर्ण. तो तापून जळतो. बऱ्याच नव्या गाड्यांत उलट होतं: त्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज खाली आणतो आणि मागची बॅटरी भरतच नाही. दोन्हीवर उपाय एकच, मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे करंट मर्यादेत ठेवून बॅटरीला हवं तेवढं व्होल्टेज देणारा. ३० ॲम्पिअरचा बहुतेकांना पुरतो. महाग आहे, मान्य. तेवढे पैसे नसतील तर सहा महिने थांबा आणि तोवर लेड-ॲसिड वापरा, त्यात काही कमीपणा नाही.

आणखी काही

फ्यूज वायरीसाठी असतो, वस्तूसाठी नाही. तो बॅटरीपासून एका वितेच्या आत बसवा. उडतो म्हणून मोठा घालू नका, आणि तांब्याची तार तर कधीच गुंडाळू नका.

पिळून टेप मारलेला जोड म्हणजे सहा महिन्यांनी येणारी तक्रार. गाडी हादरते, घराची भिंत हादरत नाही. लग क्रिम्प करा (खास हत्याराने दाबून बसवा), वर हीट-श्रिंक स्लीव्ह घाला, आणि क्रिम्पिंगला पक्कड वापरू नका.

जुनी आणि नवी बॅटरी पॅरलल जोडू नका.

सोलर कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट.

आत ठेवलेल्या पाण्याच्या बॅटरीला बाहेर जाणारी नळी वरच्या बाजूने द्या. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो वर जातो, आणि हवेत ४ टक्के झाला की एका ठिणगीत पेटतो. बॅटरीच्या कपाटातच गॅस सिलेंडर ठेवलेला मी पाहिलाय.

इन्व्हर्टर वापरात नसेल तेव्हा मुख्य बटणाने बंद करा. नुसता चालू ठेवला तरी बरेच इन्व्हर्टर एक ॲम्पिअर खातात. दिवसाचे २४ ॲम्पिअर-अवर झाले, म्हणजे आठवडाभर गाडी दारात उभी राहिली की १५० ची बॅटरी संपली.

आणि इंडक्शन. नवशिक्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. २००० वॅट म्हणजे १२ व्होल्टला १६७ ॲम्पिअर, इन्व्हर्टरचं नुकसान धरून १८५ च्या पुढे. ट्यूब्युलर बॅटरीवरचे १५० ॲम्पिअर-अवर हे वीस तासांत सावकाश, साडेसात ॲम्पिअरने काढले तर मिळतात. एवढ्या जोराने ओढलं तर त्याच्या निम्मेही हाती लागत नाहीत. चहाला गॅसची शेगडी ठेवा.

पावसाळ्यात गाडी उभी करणार असाल तर बॅटरी पूर्ण भरा, चार्ज झाल्यावर डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा आणि आधी सोलर पॅनेल, मग मायनसचं टर्मिनल काढून ठेवा. महिन्यातून एकदा चार्जर लावा. माझ्या गिऱ्हाइकांना मी एक कागद कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवायला सांगतो: तारीख, सकाळचं व्होल्टेज, काय केलं. सांगलीच्या सरांनी त्यावर सुंदर अक्षरात नोंदी ठेवल्यात. गेल्या महिन्यात त्यांनी फोटो पाठवला, सगळे आकडे १२.५ च्या वर.