लांबच्या प्रवासात कडक भाकरी कोकणातही कुरकुरीत ठेवायची तर

कॅराव्हॅनने आठ-दहा दिवस निघालात की बराच पैसा हॉटेलच्या जेवणात जातो. सोलापुरातून निघताना ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी भरून घ्या. चार माणसं, आठ दिवस, रोज एक जेवण, माणशी दोन धरल्या तर ६४ भाकरी लागतात.

१. सगळ्या एकाच डब्यात भरू नका. १६-१६ची चार पाकिटं करा, म्हणजे एक पाकीट दोन दिवस पुरतं. डबा उघडला की हवेतला ओलावा शिरतो आणि भाकरी चिवट होते.
२. भाकरी पूर्ण गार झाल्यावरच सुती कापडात गुंडाळून पिशवीत घट्ट बांधा. स्टीलच्या डब्यात उभ्या लावा आणि कडेला कापड कोंबा, म्हणजे खड्ड्यांत तुकडे पडत नाहीत. झालाच चुरा तर दह्यात कालवा, फार छान लागतो.
३. किनाऱ्याकडे गेल्यावर नरमली तर मंद आचेवर कोरड्या तव्यावर दोन मिनिटं शेका. शेगडी मात्र गाडीबाहेरच पेटवा, बंद गाडीत विषारी वायू साठतो.

चटणीला ओला चमचा लावू नका. डबा मागच्या काचेपाशी उन्हातही नको, शेंगदाण्याचं तेल खवट होतं.