हॉटेल-लॉजसाठी कार्डची लॉक घेताय? या चुका टाळा

वीस-पंचवीस खोल्यांचं लॉज असो की हायवेवरचं मोटेल, चावीची कुलपं काढून कार्डची लॉक बसवायचं ठरलं की मालक आधी कॅटलॉग उघडतात. रंग कुठला, ॲप आहे का, बोटाचा ठसा चालतो का, एका दारामागे किती पडतील. हे सगळं विचारायचंच, पण नंतर. आधी विक्रेत्याला एवढंच विचारा: रात्री दोन वाजता लॉक उघडलं नाही आणि रिसेप्शनवर एकटा नाइट ड्युटीचा मुलगा असला, तर तो दार कसं उघडेल? समोरच्याला हे तिथल्या तिथे करून दाखवता आलं नाही, तर दराची बोलणी करण्यात अर्थ नाही.

दार न मोजता ऑर्डर देणं

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. आपल्याकडच्या जुन्या लॉजमध्ये बहुतेक फ्लश दारं (दोन्ही बाजूंनी सपाट) असतात, ३० किंवा ३५ मिलिमीटर जाडीची. हॉटेलचं मॉर्टिस लॉक दाराच्या कडेत खाच पाडून आत बसतं, आणि बरीच मॉडेल ३८-४० मिलिमीटर किंवा त्याहून जाड दार धरून बनवलेली असतात. पातळ दारात तेवढी खाच पाडली की दोन्ही अंगांना लाकडाचा जेमतेम पापुद्रा उरतो. मग एक जोराची लाथ बसली तर लॉक शाबूत राहतं आणि दार फाटतं.

म्हणून सुताराला बरोबर घेऊन प्रत्येक खोलीचं दार मोजा. ‘सगळी सारखीच आहेत’ यावर विसंबू नका. दहा-बारा वर्षांत मधलीच चार-पाच दारं बदललेली असतात. जाडी, दार उजवं की डावं (बिजागऱ्या कुठल्या बाजूला), आत उघडतं की बाहेर, कडेपासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि जुन्या कुलपाची भोकं नव्या पट्टीखाली झाकली जातील का, हे खोली क्रमांकासह कागदावर लिहून विक्रेत्याला द्या. उजव्या दाराचं लॉक डाव्या दाराला उलटं करून बसतं असं सांगतात. काही मॉडेलचं बसतं, काहींचं नाही. मॉडेलचं नाव घालून लेखी घ्या.

बिजागऱ्याही याच फेरीत बघा. दार खाली लोंबलेलं असेल तर कितीही भारी लॉक लावा, त्रास संपणार नाही.

पावसाळ्याचा विचार न करणं

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मालवण, गणपतीपुळे, दिवेआगरला पावसाबरोबर खारी हवाही असते. लाकडी दार जुलैत फुगतं आणि मेमध्ये जोडलेलं लॉक तेव्हा अडायला लागतं. ही तक्रार ओळखायची खूण सोपी आहे. कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला, आत मोटर फिरल्याचा बारीक ‘टिक’ आवाज आला, पण हँडल दाबूनही दार हलत नाही. आता दार खांद्याने चौकटीकडे जरा दाबा, किंवा हँडल धरून आपल्याकडे ओढा, आणि मग हँडल फिरवा. उघडलं, तर लॉकमध्ये काहीही बिघाड नाही. दार फुगल्याने लॅचची जीभ (दार ओढलं की आपोआप बसणारी) चौकटीतल्या पट्टीला घासून अडकते आहे. सुताराला बोलवा, पट्टीची खाच दीड-दोन मिलिमीटर वाढवा, दाराची कड रंध्याने घासून लगेच पॉलिश किंवा रंग मारा. उघडं राहिलेलं लाकूड पुन्हा पाणी पिणारच. लॉक मात्र खोलू नका. अशा वेळी चांगली लॉक विनाकारण उघडली जातात आणि तिथून खरा बिघाड सुरू होतो.

किनाऱ्याजवळ असाल तर बाहेरची पट्टी आणि हँडल कशाचं आहे ते विचारा. मुलामा दिलेला जस्ताचा मिश्रधातू दिसायला झकास असतो, पण खाऱ्या हवेत त्यावर लवकर फोड येतात. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील बरं. दारं थेट समुद्राकडे उघडणारी असतील तर ३१६ मागा. व्हरांड्यात पावसाची झड दारापर्यंत येत असेल तर लॉकच्या आधी पत्र्याचा खर्च करा.

सेल कुठलेही चालतात असं समजणं

हॉटेलच्या बहुतेक कार्ड लॉकमध्ये चार पेन्सिल सेल असतात. प्रत्येकी दीड व्होल्ट, एकूण सहा. सेल अल्कलाइनच हवेत. रिमोटसाठी मिळणारे स्वस्त सेल मोटर फिरवायच्या वेळी दम सोडतात आणि संपल्यावर पाझरून पितळी पत्त्या खातात. पैसे वाचवायला चार्जिंगचे सेल घातले तर वेगळीच गंमत होते: ते प्रत्येकी साधारण १.२ व्होल्टचे, म्हणजे एकूण ४.८ च्या आसपास. बरीच लॉक तेवढ्यावरच सेल उतरल्याचा इशारा देत राहतात आणि स्टाफला त्या इशाऱ्याची सवय होते. मग खरोखर सेल उतरले तरी कुणी लक्ष देत नाही.

चारही सेल एकदम बदला. जुने-नवे मिसळू नका. सगळ्या दारांचे सेल ठरलेल्या महिन्यात बदला, हंगामाच्या गर्दीआधी. सेलच्या कप्प्यात तारखेची चिठ्ठी चिकटवा.

कोकणातली काही रिसॉर्ट पावसाळ्यात दोन-तीन महिने बंद असतात. तेव्हा सेल काढून ठेवणं योग्यच आहे. पण पुन्हा उघडल्यावर नुसते सेल घालून थांबू नका. या लॉकना स्वतःचं घड्याळ असतं. गेस्टच्या कार्डवर चेक-आउटची वेळ लिहिलेली असते आणि लॉक ती आपल्या घड्याळाशी ताडून बघतं. सेल बराच काळ बाहेर राहिले की बऱ्याच लॉकचं घड्याळ चुकतं, आणि ताजं बनवलेलं कार्डही लाल दिवा दाखवतं. ‘कार्ड खराब आहे’ म्हणून दुसरं, तिसरं कार्ड बनवत बसू नका. वेळ लावायच्या कार्डाने किंवा हातातल्या यंत्राने घड्याळ जुळवा. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरची वेळही त्याच फेरीत बघा, कारण कार्डवर तीच जाते.

कार्डात कुठली चिप आहे ते न विचारणं

आतली सुरक्षा इथे ठरते, आणि यावर विक्रेते सहसा स्वतःहून बोलत नाहीत. १२५ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या साध्या कार्डाची नक्कल हातात मावणाऱ्या स्वस्त यंत्राने होते. ‘मायफेअर क्लासिक’ हे खूप वापरलं गेलेलं कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झचं, पण त्याची एन्क्रिप्शनची (माहिती गुप्त ठेवायची) पद्धत २००८ सालीच संशोधकांनी फोडून दाखवली. तरी आजही स्वस्त संचांत तेच येतं.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २०१८ मध्ये फिनलंडच्या एफ-सिक्युअर या सायबर सुरक्षा कंपनीच्या दोन संशोधकांनी ‘व्हिजन बाय व्हिंगकार्ड’ या प्रणालीत हॉटेलच्या कुठल्याही, अगदी मुदत संपलेल्या कार्डावरूनही सगळ्या खोल्या उघडणारी मास्टर चावी बनवता येते हे दाखवलं. मार्च २०२४ मध्ये डोर्माकाबा कंपनीच्या सॅफलॉक लॉकमधला दोष जाहीर झाला. दोन बनावट कार्डं एकामागून एक लावली की दार उघडत होतं. हा प्रश्न १३१ देशांतल्या सुमारे ३० लाख दारांचा होता. कंपनीला दोष २०२२ च्या सप्टेंबरमध्येच कळवला होता, पण जाहीर झाला तेव्हा दुरुस्त झालेली किंवा बदललेली लॉक ३६ टक्केच होती. कारण अशी दुरुस्ती एका बटणावर होत नाही. प्रत्येक दारापाशी माणूस जावा लागतो.

म्हणून दोन गोष्टी कोटेशनवर लिहून घ्या. एक, कार्ड ‘डेसफायर’सारख्या मजबूत चिपचं असेल आणि लॉक त्या चिपची सुरक्षा खरोखर वापरेल. नुसता कार्डाचा नंबर वाचणारं लॉक असेल तर भारी कार्डाचा उपयोग शून्य. दोन, पुढे दोष निघाला तर कोण येणार, किती दिवसांत, कुणाच्या खर्चाने.

छोट्या लॉजला वायफायचं लॉक

माझं मत स्पष्ट आहे: चाळीस खोल्यांच्या आत असाल तर इंटरनेटशिवाय चालणारं कार्ड लॉक घ्या. वायफाय सेल खातं, वीज गेली की राउटर बंद पडतो, आणि घाटात नेटवर्कचा भरवसा नसतो. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या लॉकस्टेट कंपनीने एका मॉडेलला चुकून दुसऱ्या मॉडेलचं सॉफ्टवेअर पाठवलं आणि सुमारे ५०० लॉकचे कीपॅड बंद पडले. त्यातली बरीच भाड्याने दिलेल्या घरांची होती. सोबतच्या साध्या चावीने ती उघडत होती, तेवढाच आधार. मालक दुसऱ्या गावी राहत असेल आणि दोन-तीनच खोल्या असतील, तर आकडी कोडचं लॉक सोयीचं पडतं. तिथेही चावीची सोय असलेलंच घ्या.

बोटाच्या ठशाचं लॉक घरासाठी ठीक. एका रात्रीच्या गेस्टचा ठसा घेऊन तो सांभाळायची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर कशाला ओढवून घ्यायची?

आतली जुनी कडी तशीच ठेवणं

याकडे जवळजवळ कुणाचं लक्ष जात नाही. नवं लॉक बसतं, आणि आतून वरची लोखंडी कडी राहते. आत एकटं मूल असलं, वयस्कर माणूस पडला, गेस्टने दार उघडलं नाही, तर तुमचं इमर्जन्सी कार्ड (आतून बोल्ट लावला असला तरी लॉक उघडणारं) हिरवा दिवा दाखवेल पण कडी काढणार नाही. दार तोडावं लागेल. कडी काढून टाका. आतून बंद करायची सोय लॉकमध्येच हवी, अशी की इमर्जन्सी कार्ड किंवा चावी तिला ओलांडू शकेल. आत दिलाशासाठी दांड्याचा डोअर गार्ड लावा. दाराच्या फटीतून तो सोडवायचं हत्यार मिळतं, ते एका ठरावीक माणसाकडे ठेवा.

आतलं हँडल एकदा दाबलं की लॅच आणि बोल्ट दोन्ही सुटले पाहिजेत. बाहेर पडायचं दार आतून चावीशिवाय उघडलं पाहिजे असं राष्ट्रीय इमारत संहिताही सांगते. धुरात माणसाला दोन कळा शोधायला वेळ नसतो. नमुना लॉक आलं की डोळे मिटून आतून उघडून बघा.

कॉम्प्युटर एकच, बॅकअप नाही

कार्ड बनवायचं यंत्र आणि सॉफ्टवेअर एकाच जुन्या कॉम्प्युटरवर असतं, त्यावरच बिलं, ईमेल आणि कुणाचा तरी पेनड्राइव्ह. ऑस्ट्रियातल्या एका डोंगरी हॉटेलच्या प्रणालीत खंडणीचा व्हायरस शिरल्याची बातमी जानेवारी २०१७ मध्ये आली. गेस्ट कोंडले गेल्याच्या बातम्या खोट्या होत्या, पण नवीन कार्डं बनवणं बंद पडलं आणि हॉटेलने १,५०० युरो किमतीचे बिटकॉइन मोजले. तुमच्याकडे हार्ड डिस्क गेली तरी तेच होईल. कार्डाचा कॉम्प्युटर वेगळा ठेवा, डेटाबेसची प्रत दर आठवड्याला बाहेर घ्या, आणि सॉफ्टवेअरचा कोड, ऑथरायझेशन कार्ड (लॉक आणि नवी कार्डं प्रणालीत जोडायला लागणारं) हे बिल चुकतं करण्याआधी ताब्यात घ्या. ते विक्रेत्याकडे राहिलं की पुढच्या प्रत्येक कार्डाचा भाव तोच ठरवतो.

मास्टर कार्ड सगळ्या रूमबॉयना एकच देऊ नका. मजल्याप्रमाणे आणि शिफ्टच्या वेळेपुरतं द्या. इंटरनेटविना चालणाऱ्या लॉकमध्ये हरवलेलं मास्टर रद्द करायला दारोदार फिरावं लागतं, आणि हे काम ‘उद्या करू’ म्हणून राहतं. त्याच दिवशी करा.

तक्रार आली की

दिवा अजिबात लागत नाही: सेल, मग पत्त्यांवरचा गंज. लाल दिवा: घड्याळ, मुदत, की कार्ड दुसऱ्या खोलीचं. हिरवा पण उघडत नाही: दार घासतंय, किंवा आतून बोल्ट लावलाय. एकाच खोलीची सगळी कार्डं अधूनमधून चुकतात: वाचणाऱ्या भागात पाणी. दिव्यांचे संकेत कंपनीगणिक बदलतात, म्हणून तुमच्या मॉडेलचा तक्ता मराठीत लिहून रिसेप्शनच्या आत चिकटवा.

सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. सगळ्यात त्रास देणाऱ्या दाराला एक लॉक लावून महिनाभर वापरा. आणि ऑर्डर देताना त्याच मॉडेलची दोन पूर्ण लॉक जास्तीची घ्या, कारण तीन-चार वर्षांनी ते मॉडेल बाजारात नसेल आणि नव्याची खाच तुमच्या दाराला जुळणार नाही.