भाच्याला शाळेत त्रास होतोय आणि घरात कुणाचं लक्ष नाही, तेव्हा

‘बेवड्याचा पोरगा.’ सहावी-सातवीच्या वर्गात ही हाक एकदा चिकटली की वर्षभर सुटत नाही. वडील पितात हे गल्लीला ठाऊक असतं आणि गल्लीतलीच मुलं वर्गात असतात. आई दिवसभर कामावर, वडिलांना शुद्ध नाही, त्यामुळे पोरगं घरी तोंड उघडत नाही. अशा वेळी आधी खटकतं ते बहुधा आत्याला, मामाला किंवा आजीला. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

डबा जसाच्या तसा परत येणं, बाटली पुन्हा पुन्हा ‘हरवणं’, रोज दहा-वीस रुपये मागणं या खुणा कुणालाही दिसतात. न दिसणारी एक आहे. घरात पाऊल टाकल्या टाकल्या पोर संडासाकडे धावतं. शाळेच्या मुतारीत गाठून मारतात म्हणून पाच-सहा तास लघवी दाबून धरलेली असते. बाटलीतलं पाणीही तेवढ्यासाठीच संपत नाही.

‘तुला कुणी मारतं का रे?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’ येणार. त्याऐवजी मटार सोलताना किंवा गाडीवर मागे बसवून नेताना विचारा: मधल्या सुट्टीत कुठे असतोस? डबा कुणाबरोबर खातोस? व्हॅनमध्ये शेजारी कोण बसतं? समोरासमोर बसवून चौकशी केली की मूल मिटतं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, ते मोडावं लागणार आहे. ‘तुला विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही,’ एवढं म्हणा.

एक साधी वही करा. तारीख, वेळ, जागा, काय केलं, कोणते शब्द वापरले, कुणी पाहिलं. शब्द सभ्य करून लिहू नका. शिवी असेल तर शिवीच लिहा. दोन आठवड्यांच्या नोंदी पुरतात. मार लागला असेल तर थांबायचं नाही: त्याच दिवशी फोटो, त्याच दिवशी डॉक्टर, आणि केसपेपर जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरच्या चिडवण्याचे स्क्रीनशॉट नंबर दिसेल असे काढा.

आता अवघड भाग, आईबाप. शाळा तुम्हाला पहिला प्रश्न विचारेल, ‘तुम्ही कोण?’ त्यामुळे आईवडिलांपैकी एकाची सही हातात हवी. मजकूर दोन ओळींचा: ‘माझा मुलगा अमुक, इयत्ता अमुक, याच्याबाबत शाळेशी बोलण्यास माझी नणंद अमुक हिला माझी संमती आहे.’ खाली सही, तारीख, मोबाइल नंबर.

आत्या गेली की वहिनीला वाटतं सासरचे आपल्यावर ठपका ठेवायला आलेत. मामा गेला की दाजींना वाटतं माहेरची माणसं घरात ढवळाढवळ करताहेत. म्हणून त्या दिवशी फक्त सही मागा. दारू, थकलेली फी, मागच्या दिवाळीतलं भांडण यातलं काहीही काढू नका. सगळं एकदम काढलं की जुनंच भांडण पेटतं आणि मूल बाजूला पडतं. पिणाऱ्याशी बोलायचं तर सकाळी, उतरलेली असताना; पगाराच्या दिवशी नाही. व्यसनासाठी १४४४६ ही हेल्पलाइन आहे, पण दारू सुटेपर्यंत शाळेचं काम अडवून ठेवू नका.

शाळेत आधी वर्गशिक्षकांना भेटा, वेळ ठरवून, फाटकावर नव्हे. तीन गोष्टी मागा: बाक बदलणं, मधल्या सुट्टीत मुतारीजवळ कुणीतरी मोठं माणूस, आणि त्रास झाल्यास मुलाने थेट जायचं एक नाव. निघताना आठ दिवसांनंतरची भेट ठरवा. ‘वर्गासमोर माफी मागायला लावा’ हा आग्रह नको. त्याची परतफेड सुटल्यावर रस्त्यात होते. त्रास देणाऱ्या मुलाला स्वतः दम देऊ नका. उद्या तक्रार तुमच्याविरुद्ध येईल आणि शाळेला विषय बदलायला निमित्त मिळेल.

‘मुलं आहेत, चालायचंच’ असं ऐकलंत किंवा आठ दिवसांत काहीच हललं नाही, तर मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज. दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेच उपयोगाचा नाही. २०२२च्या शासन निर्णयानुसार शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठीची समिती, असायला हवी, तिचा उल्लेख अर्जात करा. त्यावर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी. त्रास देणारे शिक्षकच असतील तर शिक्षण हक्क कायदा, २००९चं कलम १७ लिहा: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे.

लैंगिक प्रकार असेल तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याखाली, माहीत असलेल्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरातलाच चुलतभाऊ असला, घराण्याचं नाव जाणार असलं, तरीही.

मूल घरातही मार खात असेल तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. चोवीस तास, मोफत, आणि फोन कुणीही करू शकतं. तिथून प्रकरण जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जाऊ शकतं. मुलाला उचलून संस्थेत टाकतील या भीतीने नातेवाईक गप्प बसतात. कायद्यात संस्था हा शेवटचा पर्याय आहे, आणि समिती नातेवाइकाकडेही मूल सोपवू शकते. तुम्ही ठेवायला तयार असाल तर ते पहिल्याच भेटीत, स्वच्छ शब्दांत सांगा.

त्रास थांबल्यासारखा वाटला तरी वही परीक्षेपर्यंत चालू ठेवा. वर्गातला मार बंद होतो आणि व्हॅनमधला सुरू होतो, असं बऱ्याचदा घडतं. वही तुमच्या घरी ठेवा. दप्तरात सापडली तर मधल्या सुट्टीत ती मोठ्याने वाचली जाईल.