लिनक्सवर डिस्प्ले गेला की पहिला प्रश्न काय विचारायचा

डेस्कटॉप सपोर्टच्या कामाला नुकतीच सुरुवात केलीये आणि ऑफिसातल्या किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या उबुंटूच्या (लिनक्सचाच एक प्रकार) मशीन गळ्यात पडल्यात अशांसाठी लिहितोय. "सर, डिस्प्ले येत नाहीये" एवढंच समोरचा सांगतो, आणि नवीन पोरं लगेच टर्मिनल उघडून नेटवर सापडलेली कमांड मारायला लागतात. मी आधी एकच विचारतो, चालू केल्यावर शेवटचं काय दिसलं? कंपनीचा लोगो आला का, ग्रबचा (कुठली सिस्टिम चालू करायची ते विचारणारा) मेनू आला का, लॉगिन आलं का, की पासवर्ड टाकल्यावर गेलं? कारण प्रत्येक टप्प्याला स्क्रीनवर चित्र काढणारा वेगळा असतो, लोगो बायॉस (मदरबोर्डमधला सुरुवातीचा प्रोग्राम) काढतं, मग कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ग्राफिक्स ड्रायव्हर ताबा घेतो आणि शेवटी डेस्कटॉप, त्यामुळे कुठे गेलं ते कळलं की कोणाला धरायचं ते कळतं.

लोगोच आला नाही तर लिनक्सचा काही संबंध नाही. केबल, मॉनिटरचं इनपुट सिलेक्शन, पोर्ट बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्याच पोर्टला पाहिजे, आणि इंटेलचा नावात शेवटी एफ असलेला प्रोसेसर असेल तर त्यात ग्राफिक्सच नसतं, मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावून कितीही वाट बघा, काही येणार नाही. जुन्या मशीनला रॅम काढून खोडरबरने घासून परत बसवा, लोक हसतात पण चालतं.

लोगो आला, ग्रब आला आणि मग काळं झालं, ही खरी लिनक्सची केस, आणि बहुतेक वेळा एनव्हिडियाचं कार्ड निघतं. ग्रबच्या मेनूत ई दाबा, linux या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून नोमोडसेट (nomodeset) टाइप करा आणि एफ१० दाबा. यामुळे कर्नल रिझोल्युशन बदलायच्या भानगडीत पडत नाही आणि बायॉसने दिलेल्या साध्या डिस्प्लेवर मशीन उघडतं. हे फक्त त्या एका बूटपुरतं असतं आणि तेवढ्यापुरतंच ठेवा. काही जण हे ग्रबच्या फाइलमध्ये कायमचं टाकून मोकळे होतात, मग वर्षभर व्हिडिओ अडखळतो, दुसरा मॉनिटर सापडत नाही आणि कोणालाच कारण आठवत नाही. आत गेलात की अॅडिशनल ड्रायव्हर्समधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाका. इथे एक मेख आहे, सिक्युअर बूट (सही नसलेला ड्रायव्हर चालू न देणारी बायॉसची सेटिंग) चालू असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड मागतात आणि रीबूटला निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल एमओके (Enroll MOK) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत कंटिन्यू बूट दाबलं की ड्रायव्हर टाकलेला दिसतो पण लोड होत नाही. कार्डात काही बदल न करता नुसत्या अपडेटनंतर काळं झालं असेल तर अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडून बघा, तो चालला तर निदान झालंच.

आता दुसरा प्रकार, डिस्प्ले येतो पण १०२४ बाय ७६८ वर अडकतो. मॉनिटर स्वतःची माहिती कॉम्प्युटरला पाठवतो, तिला ईडीआयडी म्हणतात, ती पोचली नाही की लिनक्स सुरक्षित म्हणून छोटं रिझोल्युशन धरतं. व्हीजीए केबलमध्ये ही माहिती १२ आणि १५ नंबरच्या पिनवरून जाते, स्वस्तातल्या केबल, कन्व्हर्टर, केव्हीएम (एका मॉनिटर-कीबोर्डवर अनेक मशीन चालवणारा स्विच) आणि स्प्लिटर नेमकं तेच खातात. म्हणून आधी केबल बदला, मधलं सगळं काढून थेट लावा. नाहीच जमलं तर एक्सऑर्गवर (स्क्रीनवर चित्र दाखवणारी जुनी व्यवस्था, नवीन ती वेलँड) सीव्हीटी (cvt) कमांडने मोड, म्हणजे रिझोल्युशन आणि रिफ्रेश रेटची मांडणी, बनवून एक्सरँडर (xrandr) कमांडने लावता येतो, फक्त सीव्हीटीला आर (-r) हा ऑप्शन द्यायला विसरू नका. साध्या सीव्हीटीने १०८०पी ६० हर्ट्झला १७३ मेगाहर्ट्झचा क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) येतो आणि सिंगल लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५ आहे, त्यामुळे जुनी पोर्टं तो घेतच नाहीत. आर लावला की १३८.५ वर येतं. रीबूटनंतर हे सगळं जातं, आणि वेलँडवर एक्सरँडरने मोड लागतच नाही. उबुंटूत २१.०४ पासून बहुतेक मशीनवर वेलँड डिफॉल्ट आहे, २५.१० मध्ये तर गनोमचा एक्सऑर्ग सेशनच काढलाय, तेव्हा जुन्या पोस्टमधली कमांड चालली नाही तर आधी सेशन कुठला आहे, वेलँड की एक्सऑर्ग, ते बघा.

लॉगिन दिसतं पण पासवर्डनंतर काळं होतं तर कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबा, काळी टेक्स्ट स्क्रीन आली की कर्नल जिवंत आहे. तिथे लॉगिन करून होम फोल्डरच्या कॉन्फिगमधली (.config) मॉनिटर्स डॉट एक्सएमएल (monitors.xml) फाइल बाजूला हलवा, काढून नेलेल्या दुसऱ्या मॉनिटरची जुनी मांडणी तिच्यात बसलेली असते. नाहीतर जर्नलसीटीएल (journalctl) कमांडने लॉग वाचायचा.

४के मॉनिटरवर माउस ओढल्यासारखा चालत असेल तर रिफ्रेश रेट बघा, एचडीएमआय १.४ वर ४के ला ३० हर्ट्झच मिळतं, डिस्प्लेपोर्ट असेल तर तो वापरा. आणि टीव्हीला लावल्यावर वरचा पॅनेल कापला जात असेल तर तो ओव्हरस्कॅन, टीव्हीच्याच पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचा, लिनक्समध्ये शोधत बसू नका.