पैसेवाले इन्फ्लुएन्सर असाल तर फुकटच्या गिफ्टचं काय करायचं

पार्सल उघडायच्या आधीच स्वतःला विचारा, हे मला स्वतःच्या पैशाने घेता आलं असतं का, आणि येत असेल तर सरळ विकत घ्या ना, विकत घेतलेल्या वस्तूला नावं ठेवताना जीभ अडखळत नाही. घेतलंच तर पोस्टच्या पहिल्या ओळीत "हे फुकट मिळालंय" लिहा, हॅशटॅगच्या ढिगात दडवू नका, व्हिडिओ असेल तर तोंडाने बोला. फुकटची ट्रिप, हॉटेल, तुमच्या डिस्काउंट कोडवरचं कमिशन, सगळं त्यातच आलं.

गुंतवणुकीची जाहिरात तर नकोच. २०२२ मध्ये किम कार्दशियनला एका क्रिप्टो टोकनच्या पोस्टमुळे अमेरिकेच्या एसईसीला, म्हणजे तिथल्या शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, १२.६ लाख डॉलर भरायला लागले, आणि पोस्टवर अ‍ॅड असं लिहिलेलं होतं बरं का, पण त्यासाठी अडीच लाख डॉलर मिळालेत हे सांगितलं नव्हतं.

छोट्या धंदेवाल्यांकडे फुकट मागूच नका प्लीज, एकटीने घरी वस्तू बनवून विकणाऱ्या बाईला तुमच्या शाउटआउटआधी कच्च्या मालाचे पैसे सुटायला हवे असतात. ब्रँडने "फक्त चांगलंच बोलायचं" अशी अट घातली तर नाही म्हणा, तुमचं घर काही त्यावर चालत नाही.