कपकेक करायच्या आधी काय काय काढून ठेवायचं

सगळ्यात आधी घड्याळ बघा, रेसिपी नंतर. कपकेक भाजायला जेमतेम २० मिनिटं लागतात, म्हणून लोक शेवटच्या दोन तासांत सगळं उरकायला जातात, मग कोमट केकवर फ्रॉस्टिंग, म्हणजे वरचं क्रीम, लावलं जातं, ते घसरतं, आणि वाटतं की आपल्याला पायपिंग, म्हणजे बॅगेतून क्रीमचे गोल काढणं, काही जमत नाही. जमतं हो, केक गरम होता एवढंच. भाजणं २० मिनिटांचं, पण केक पूर्ण गार व्हायला निदान १ तास, गनाश (आत भरायचं चॉकलेट-क्रीमचं फिलिंग) भरण्याइतपत घट्ट व्हायला दोनेक तास, आणि फ्रीजमधलं बटर नरम व्हायला किती ते तुमच्या खोलीवर. त्यामुळे खायच्या वेळेपासून उलटं मोजत या. संध्याकाळी ५ ला पाहुणे येणार असतील तर ४ ला फ्रॉस्टिंग झालेलं हवं, ३ ला फिलिंग भरायला घ्यायचं, म्हणजे केक दीड वाजायच्या आत ओव्हनबाहेर. आणि हे सगळं एकाच दिवशी करा असं कोणीही सांगितलेलं नाही. फिलिंग आदल्या दिवशी, फ्रॉस्टिंगसुद्धा आदल्या दिवशी चालतं, त्या दिवशी फक्त केक आणि सजावट. मी तरी हेच सुचवेन.

आता सामान. वजनकाटा असेल तर कप-चमचे विसरा. एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर साधारण १२० ग्रॅम भरतो, आणि कप पिशवीत खुपसून काढला की तोच १५० पर्यंत जातो, आणि एवढ्या फरकाने कपकेक कोरडे होतात, मग दोष रेसिपीला. १२ मध्यम कपकेकसाठी मैदा १९०, साखर २००, बटर ११५ ग्रॅम, २ अंडी, दूध १२० मिली, बेकिंग पावडर दीड टीस्पून, चिमूटभर मीठ आणि १ टीस्पून व्हॅनिला, हा हिशोब सुरुवातीला पुरेसा आहे. बटर शक्यतो बिनमिठाचं घ्या, खारं असेल तर वरून मीठ घालू नका. बेकिंग पावडरचा डबा कधी उघडलाय ते आठवत नसेल तर अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून बघा, जोरात फसफसली तर ठीक, नुसतं इकडेतिकडे बुडबुडे आले तर नवीन आणा. ही चाचणी आदल्या दिवशीच करायची, कारण मैदा-साखर मोजून झाल्यावर कळलं तर काही उपयोग नाही.

भांड्यांमध्ये काय लागतं तर मफिन ट्रे, पेपर लायनर, एक मोठा बोल, हँड बीटर, चाळणी, स्पॅच्युला, आणि गार करायची जाळी, जी लोक हमखास विसरतात. जाळी का, तर केक ट्रेमध्येच राहिला की खालची वाफ अडकते, लायनर ओला होतो आणि नंतर केकपासून सुटून बाजूला येतो. लायनर आधी ट्रेमध्ये बसवून बघा, काही ट्रेच्या वाट्या लहान असतात आणि लायनर मोठे, मग कडा दुमडतात आणि केक वाकडा फुगतो. ट्रे ६ चा असेल तर दोन घाण्यांत करावं लागेल, त्याचा वेळ धरा, आणि दुसऱ्या घाण्याआधी ट्रे गार होऊ द्या, गरम ट्रेत बॅटर ओतलं की केक भाजायला लागायच्या आधीच बटर वितळायला लागतं. ट्रे काळा असेल तर कडा लवकर लाल होतात, १० अंश कमी ठेवा.

ओव्हनचं थोडं सविस्तर सांगते कारण इथेच बऱ्याच गोष्टी फिसकटतात. बटणावर १८० लिहिलंय म्हणून आत १८० असतंच असं नाही, छोट्या ओव्हनमध्ये तर चांगलाच फरक निघतो. ओव्हन थर्मामीटर आत ठेवून एकदा बघून घ्या, मग कायमचं कळतं की आपला ओव्हन किती खोटं बोलतो. प्रीहीट १५-२० मिनिटं, ट्रे मधल्या रॅकवर, फॅनवाला कन्व्हेक्शन मोड असेल तर १५-२० अंश कमी. तापमान फार जास्त असलं की कडा आधी सेट होतात, मधलं बॅटर वर ढकललं जातं आणि टोकदार डोंगर तयार होतो. खायला काही वाईट लागत नाही, पण आपल्याला वर फ्रॉस्टिंग करायचंय, त्यामुळे जवळजवळ सपाट माथा हवा.

बटर, अंडी, दूध तिन्ही फ्रीजबाहेर. बटर किती नरम, तर बोट दाबलं की खड्डा पडला पाहिजे पण बोट तेलकट व्हायला नको, म्हणजे साधारण २० अंशांच्या आसपास. गरम दिवस असेल तर अर्ध्या तासात होतं, थंडीत दीड तासही लागतो, तुकडे करून ठेवलं की लवकर. मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, बाहेरून घट्ट दिसतं आणि आतून वितळलेलं असतं. हे एवढं का, तर साखर आणि बटर फेटताना साखरेचे दाणे बटरमध्ये बारीक बारीक हवा कोंडतात, आणि बेकिंग पावडरचा गॅस मुख्यतः त्याच बुडबुड्यांमध्ये शिरून ते मोठे करतो. वितळलेल्या बटरमध्ये हवा राहतच नाही, मग पावडर कितीही घाला. अंडी बाहेर काढायला विसरलात तर सालासकट कोमट पाण्यात ५ मिनिटं ठेवा. थंड अंडं घातलं की मिश्रण फाटल्यासारखं दिसतं, अशा वेळी मोजलेल्या मैद्यातलाच एक चमचा घालून फेटा, बहुतेक वेळा सावरतं.

बॅटर करायला एकदा घेतलं की फोन बाजूला ठेवा. बटर-साखर ३-४ मिनिटं फिकट होईपर्यंत, अंडी एकेक करून, मग मैदा आणि दूध आलटून पालटून, आणि मैदा गेल्यावर बीटर बंद, स्पॅच्युलाने कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवायचं. जास्त फेटलं की ग्लुटेन, म्हणजे मैद्याचा चिवटपणा, तयार होतं आणि केकमध्ये लांब लांब बोगदे पडतात, कापल्यावर दिसतात. लायनर दोन तृतीयांश भरा, त्याच्या वर अजिबात नाही, आइसक्रीमचा स्कूप असेल तर सगळे सारखे होतात आणि एकाच वेळी भाजले जातात. पहिली १५ मिनिटं दार उघडायचं नाही. साधारण १८ मिनिटांनी बोटाने हलकंच दाबून बघा, माथा परत वर आला आणि टूथपिकला ओलं बॅटर न लागता एखाददोन कण चिकटले की काढा. ५ मिनिटं ट्रेत, मग जाळीवर, आणि मग तुम्ही दुसरं काहीतरी काम करा.

फिलिंग. हे ऐच्छिक आहे, पण एकदा केलंत की बिनफिलिंगचे कपकेक अर्धवट वाटायला लागतात. नवीन असाल तर गनाश करा, सगळ्यात कमी कटकट. १०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून त्यावर १०० ग्रॅम क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत गरम करून ओतायचं, २ मिनिटं हात लावायचा नाही, मग मधून सुरुवात करून हलवायचं. १२ कपकेकना एवढं पुरतं, एकेका केकमध्ये १ टेबलस्पून जातो. मिल्क चॉकलेट असेल तर क्रीम थोडं कमी घ्या नाहीतर सैल राहतं. जॅम चालतो, लेमन कर्ड चालतं, कस्टर्ड चालतं, नियम एकच की चमचा तिरका केल्यावर ते सावकाश पडलं पाहिजे. पातळ जॅम केक पिऊन टाकतो, तासाभरात मधे ओला गोळा. कस्टर्ड किंवा ताजं क्रीम भरणार असाल तर मात्र हे कपकेक टेबलावर मांडून ठेवता येत नाहीत, २ तासांच्या वर बाहेर नको, खूप गरम हवा असेल तर १ तासच. म्हणून पार्टीसाठी मी गनाश किंवा जॅमच सांगेन.

भरायला वेगळं काही विकत आणू नका. पायपिंगचं मोठं नोझल, म्हणजे बॅगेला बसवायचं शंकूसारखं टोक, असतं ना, त्याची रुंद बाजू केकच्या मधोमध ठेवून गोल फिरवत अर्ध्याच्या थोडं खाली जाईपर्यंत दाबा आणि हलकेच वर ओढा, केकचा छोटा गट्टू नोझलमध्ये अडकून बाहेर येतो, मागून बोटाने ढकलला की निघतो. तळाशी निदान १ सेंटीमीटर केक राहू द्या, नाहीतर फिलिंग कागदाला लागतं. आता त्या गट्टूचा वरचा पातळ चकतीएवढा भाग कापून ठेवा, तेच आपलं झाकण, उरलेला खालचा भाग खाऊन टाका, तो त्यासाठीच असतो. खड्डा काठापेक्षा जरा खालपर्यंत भरा, झाकण ठेवा, बोटाने सपाट करा. फिलिंग वर आलं तर पुसून घ्या, कारण त्या निसरड्या जागेवर फ्रॉस्टिंग धरत नाही. हे करताना केक पूर्ण गार हवा, कोमट केक कोरला की नुसता चुरा होतो. तळाला हात लावून बघा, माथा गार लागतो तेव्हाही तळ कोमट असतो.

फ्रॉस्टिंगमध्ये पहिल्यांदा साधं बटरक्रीमच करा. व्हिप्ड क्रीम दिसायला सोपं वाटतं पण एकदा गरम झालं की बसतं, आणि जास्त फेटलं की दाणेदार होतं, दोन्हीकडून मार. बटरक्रीमचं प्रमाण सोपं, बटर २२५ ग्रॅम तर आयसिंग शुगर ४५० ग्रॅम, व्हॅनिला, चिमूटभर मीठ, लागेल तसं १-२ टेबलस्पून दूध. १२ कपकेकवर उंच गोल काढायला एवढं लागतं, सुरीने पसरणार असाल तर निम्म्यात होतं. साखर आयसिंग शुगरच घ्या, घरी मिक्सरमध्ये दळलेली पिठीसाखर कितीही चाळली तरी बऱ्याचदा जिभेवर कचकच लागते. नुसतं बटर आधी ४-५ मिनिटं पांढुरकं होईपर्यंत फेटा, मग चाळलेली साखर दोन-तीन वेळा करून, बीटर अगदी स्लो आणि बोलवर फडकं, नाहीतर ओटा, चष्मा, केस सगळं पांढरं. शेवटी स्पॅच्युलाने बोलच्या कडेला दाबत दोन मिनिटं घोळा, म्हणजे हवेचे बुडबुडे जातात आणि पायपिंग करताना मधेच फट् होऊन गॅप पडत नाही.

रंग जेलचा घ्या, पातळ रंग जास्त घालावा लागतो आणि क्रीम सैल होतं. टूथपिकच्या टोकाने घाला आणि थांबा, रंग तासाभरात गडद होतो. लाल आणि काळा तर आदल्या दिवशीच करून ठेवावा, काळ्यासाठी आधी कोको घालून चॉकलेटी बेस करा, मग रंग कमी लागतो. बटर पिवळट असतं त्यामुळे निळा रंग जरा हिरवट दिसतो, हे माहीत असलेलं बरं.

बॅग भरायची सोपी रीत म्हणजे नोझल बसवून बॅग उंच ग्लासात उभी करायची, कडा ग्लासाबाहेर दुमडायच्या आणि अर्धीच भरायची. पूर्ण भरली की वरून बाहेर येतं, आणि हाताच्या उष्णतेने शेवटचं क्रीम पातळ होतं, बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि आपला तळहात साधारण तेवढाच गरम असतो. म्हणून दोन बॅगा अर्ध्या अर्ध्या भरा, एक हातात, एक फ्रीजमध्ये ५-७ मिनिटं. क्रीम दाबल्यावर टूथपेस्टसारखं बाहेर यावं आणि आकार धरून राहावं. नोझल मोठ्या चांदणीचं, वन-एम म्हणून मिळतं, एवढ्या एकावर काम भागतं. आधी ताटलीत चार-पाच गोल काढून बघा, ते क्रीम परत बॅगेत घालता येतं. मग बॅग केकच्या वर सरळ उभी धरून बाहेरच्या कडेपासून सुरू करा, गोल फिरत आत आणि वर, दाब सारखा, शेवटी दाबणं थांबवा आणि मगच बॅग वर उचला. दाबत दाबत उचललं की शेपटी निघते.

स्प्रिंकल्स लगेच टाका, पाचेक मिनिटांत बटरक्रीमवर बारीक पापुद्रा येतो आणि मग ते चिकटत नाहीत, नुसते घरंगळतात. ताजी फळं मात्र अगदी वाढायच्या आधी, पाणी सुटून रंग ओघळतात.

ठेवायचं कुठे. बिनफ्रॉस्टिंगचे केक हवाबंद डब्यात बाहेरच, २ दिवस छान राहतात, पण पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद. उगाच फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथल्या तापमानाला केकमधला स्टार्च लवकर कडक होतो आणि केक शिळा लागतो. फ्रीजरमध्ये उलट चांगले राहतात. कस्टर्डवाले फ्रीजमध्येच, खायच्या आधी २० मिनिटं बाहेर काढा म्हणजे बटरक्रीम नरम होईल. कुठे न्यायचे असतील तर खाचा असलेला बॉक्स बघा आणि विकत घ्यायच्या आधी त्याची उंची मोजा, केक आणि उंच गोल मिळून ९-१० सेंटीमीटर सहज होतात, झाकण टेकलं की सगळी मेहनत झाकणाला. निघायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये घट्ट करा, गाडीत मांडीवर नको, सपाट जागी पायाशी ठेवा.

बटरक्रीम उरणारच. हवाबंद डब्यात आठवडाभर फ्रीजमध्ये किंवा ३ महिने फ्रीजरमध्ये राहतं, डब्यावर तारीख लिहा. परत वापरताना पूर्ण नरम होऊ द्या आणि मग फेटा, थंड असताना फेटलं तर फाटतं आणि पाणी सुटतं, तसं झालं तर घाबरून टाकून देऊ नका, थोडा भाग किंचित गरम करून परत मिसळा आणि फेटत राहा.