डिमेन्शियाच्या माणसाला सांभाळताना या चुका टाळा

डिमेन्शिया म्हणजे विसर वाढत जाऊन वेळ-काळाचं भान सुटत जाणारा आजार. त्यात घरच्यांची सगळ्यात जास्त शक्ती जाते ती खरं काय ते पटवून देण्यात. दिवेलागण झाली की अण्णा चपला शोधू लागतात, "बैलांना वैरण टाकायची राहिली." पोरगा सांगतो, "अण्णा, बैलं कवाच विकली की!" अण्णांना ते जणू आत्ताच पहिल्यांदा कळतं. हबकतात, चिडतात, आणि घटकाभरानं पुन्हा चपला शोधतात. त्यापेक्षा "कडबा टाकलाय, पाणीबी दाखवलंय, चला चहा घेऊ" म्हणा. हे खोटं बोलणं मनाला लावून घेऊ नका, त्यानं त्यांचा जीव थाऱ्यावर येतो. संध्याकाळी असा घोळ बऱ्याच जणांचा वाढतो. अंधार पडायच्या आत दिवे लावा, लाईट जाणार असेल तर चार्जिंगचा दिवा हाताशी ठेवा.

"वय झालं, असं व्हायचंच" म्हणून डॉक्टरकडे न नेणं ही महागात पडणारी चूक. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून साचलेलं रक्त यांनीही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. निदान झालेला माणूस एक-दोन दिवसांत एकदम बरळू लागला किंवा सुस्त पडला, तरी "आजार वाढला" म्हणून गप्प बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, नवी गोळी, अंगातलं पाणी कमी होणं, असं काही असू शकतं. त्याच दिवशी दाखवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाण्याकडे फार लक्ष द्यावं लागतं. तहान त्यांना उमगत नाही. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल, तर पाणी, ताक थोडं थोडं हातात द्या आणि पिईपर्यंत समोर बसा.

झोपेची गोळी मेडिकलवरून मनानं आणू नका. गुंगीत पडून खुब्याचं हाड मोडतं.

बाहेरून कुलूप लावून सगळ्यांनी रानात जाणंही धोक्याचं. आत काही झालं तर दार कोण उघडणार? दाराला घुंगरू बांधा, शेजाऱ्यांना सांगून ठेवा, सदऱ्याच्या आतून नाव आणि मोबाईल नंबर शिवा. शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरीवर आधी जाळी टाका.

आणि सगळा भार एकट्या सुनेवर टाकू नका. भाऊ ऊसतोडीला किंवा पुण्याला असेल, तर पैसे पाठवून त्याचं काम संपत नाही. गावी आल्यावर आठ दिवस त्यानं अण्णांना सांभाळावं, तिला माहेरी जाऊ द्यावं. तिची झोप उडाली, रडू आवरेना झालं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ आहे.